नवाचा ठोका

रविवारी सकाळी नीरजाने सेव-उसळ आणली. डॉक्टरांच्या नावाने बोटं मोडत नानांनी वरची लाल तरी आधी आपल्या वाटीत ओढून घेतली.

"काल गेटवर तो शेजारचा हार्दिक म्हणतो, 'काका, तमे तो स्टार थई गया!'" नाना म्हणाले. "चिरंजीवांनी बापाची धिंड काढली आणि चार लाख लोकांनी बघितली."

चिरंजीव म्हणजे विहंग, नीरजाचा धाकटा भाऊ. अहमदाबादला राहून गाणी करायचा. नव्या गाण्याच्या व्हिडिओत मरून स्वेटर घातलेला एक म्हातारा घड्याळाकडे बघत बसलेला असतो. नऊ वाजले की तो दाराला आतून कडी घालतो. बाहेर जिन्यावर एक मुलगा बसून ताटावाट्यांचे आवाज ऐकत राहतो, आणि विहंग गातो:

*नवाचा ठोका पडला, आतली कडी लागली,*
*भाताचा वास जिन्यात आला, भूक मात्र लाजली.*

स्वेटर थेट नानांचा होता. नानांनी रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात जन्म काढला होता, घरही वेळापत्रकावर चालवलं होतं. तीन आठवडे झाले, त्यांनी विहंगचा फोन उचलला नव्हता.

"पण मला एक सांग," पाव मोडता मोडता ते थांबले. "विहंगला मी बाहेर कधी ठेवलं? तो तर माझ्या ताटात जेवायचा. अगं, मी कोणालाच कधी बाहेर ठेवलं नाही. तू होतीस की घरात, तूच सांग."

नीरजाने वर पाहिलं. ते खरंच विचारत होते.

तेव्हा ती सतरा वर्षांची होती. वाचनालय साडेआठला बंद व्हायचं आणि सायकलची चेन वाटेत पडायची. त्या हिवाळ्यात किती वेळा ती जिन्यावर बसली याची तिने मोजदाद ठेवली नव्हती. आत विहंग कडीकडे धावला की नानांचा आवाज यायचा, "बस खाली. जेव." वीस वर्षांनी एका दुपारी तिने ते सगळं गाण्याच्या ओळींत कागदावर उतरवलं आणि विहंगला दिलं. अट एकच, तिचं नाव कुठे येता कामा नये. विहंगने ती पाळली. "ताई, आता तरी सांग ना त्यांना," असं मात्र तो दोनदा म्हणाला होता.

"शब्द बाकी चांगले जुळवलेत गाढवाने," नाना पुटपुटले.

"गाणंच आहे ते, नाना," ती म्हणाली. "खा, गार होतंय."

सोमवारी सहाचा चहा घेऊन ती खोलीत गेली, तेव्हा नाना उठले नाहीत.

दहाव्याला सगळे चांदोदला नर्मदेच्या घाटावर आले. पिंड मांडून झाले. पायरीवर कावळा येऊन बसला, पण शिवेना. पाऊण तास झाला.

"काही इच्छा राहिली असेल त्यांची. बोला," गुरुजी म्हणाले.

"दादा, विहंगचं लग्न मी लावून देतो," नानांचे धाकटे भाऊ भास्कररावकाका हात जोडून म्हणाले. कावळ्याने मान फिरवली. "भाताऐवजी सेव-उसळ ठेवायला हवी होती," ते पडेल आवाजात म्हणाले. कोणी हसलं नाही.

मुंडण केलेला विहंग पुढे झाला. "नाना, ते गाणं मी काढून टाकतो. आजच." कावळा जागचा हलला नाही.

विहंगने बहिणीकडे पाहिलं.

नीरजा दोन पायऱ्या उतरून पिंडासमोर उभी राहिली. हात तिने जोडले नाहीत.

"नाना, गाणं राहील," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "विहंगला तुम्ही उगाच तोडलंत. शब्द माझे होते. जिन्यावर मी बसायचे, नाना. आणि तुमच्या ते लक्षातसुद्धा राहिलं नाही."