आत्याचा देखणा मेंदू

तळाचा काप

इथे नाक, कान आणि कवटीचा पाया. ढब्बू डॉक्टर मॉनिटरसमोर टेकला आणि माउसचं चाक फिरवत स्कॅनचा एकेक काप खालून वर पाहू लागला. ढब्बू हे नाव आत्याने ठेवलेलं. पन्नाशी आली, सीटी स्कॅन वाचण्यात हयात गेली, तरी ते काही सुटलं नाही.

काचेपलीकडे आत्या मशीनच्या टेबलावर आडवी होती आणि टेक्निशियनला सुनावत होती, "हात केवढे गार तुझे! जेवतेस की नाही?"

आत्याची ऐंशी उलटलेली. आठवडाभर डोकं दुखत होतं, चालताना तोल जात होता. पडलीबिडलीस का, असं ढब्बूने विचारून पाहिलं होतं.

"मी? पडायला मला सवड कुठाय?"

मधला काप

स्कॅनवर ताजं रक्त पांढरं चमकतं. पांढरं कुठेच नव्हतं. मेंदूच्या दोन भागांमधली रेघ सरळ, डावं-उजवं सारखं. या वयात मेंदू आकसतो, त्याच्या वळ्यांमधल्या खाचा रुंद आणि काळ्या दिसतात. इथे खाचाच नाहीत. सगळं कसं भरगच्च.

"आत्या," तो माइकमध्ये म्हणाला, "मेंदू विशीतला आहे तुझा!"

"मग! घराण्याची अक्कल माझ्याच वाट्याला आली. तुझ्या बापाला कळव."

ढब्बूची छाती फुगली. भाचा कुणाचा!

पुन्हा तोच काप

(गोष्ट पुढे सरकायला हवी होती. चाक अडकलं.)

शिकाऊ डॉक्टरांना तोच बजावायचा: म्हाताऱ्या माणसाचा मेंदू फार देखणा दिसला, की आधी घाबरा. पण ते परक्यांच्या डोक्यांबद्दल. घरच्या डोक्याचं कौतुकच करायचं असतं.

त्याने करड्या छटांमधला फरक वाढवला.

कवटीला चिकटून दोन्ही बाजूंना दोन पट्टे. तो मेंदू नव्हता. ते काही आठवड्यांचं जुनं रक्त होतं, मेंदूच्याच रंगाला आलेलं. दोन्हीकडून सारखं दाबत होतं, म्हणून रेघ सरळ. खाचा होत्या, पण दाबाने मिटल्या होत्या.

त्याने आधी सर्जनला फोन लावला, मग आत धावला.

टेबलापाशी

"आत्या, कधी पडलीस?"

"आत्ताच तर विशीतली म्हणालास."

"गाढव आहे मी."

"ते जुनं झालं. नवीन बोल."

"डोक्यात रक्त साचलंय, दोन्हीकडे. छोटी भोकं पाडून काढावं लागेल. आजच. सर्जन येतोय, त्याला सगळं खरं कळायला हवं."

आत्याचा आवाज उतरला. "पडले म्हणून सांगितलं, की तुझा बाप मला उचलून तुमच्याकडे आणणार. माझ्या घराला कुलूप."

"मी बोलेन बाबांशी."

"तू? त्याच्यासमोर तुझी बोबडी वळते."

"वळू दे. बोबडं बोलेन. घर तुझं, किल्ली तुझ्याकडेच राहील. पण तू आधी बरी हो."

तिने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. मग टेबलावरचा हात उचलून त्याच्या मनगटावर ठेवला.

"बरं, ऐक. पहिल्यांदा पडले ती पडदे काढताना—"

"पहिल्यांदा?"