ताईच्या अंगावरचं दूध

आई गेल्यावर ताईच्या गोळ्यांचं काम धाकटीकडे आलं. ताईला स्किझोफ्रेनिया होता. पण गोळ्या लागू पडल्यापासून ती बाइंडिंगच्या कारखान्यात पुस्तकं शिवायची आणि जेवताना मालकाची नक्कल करून घर हसवायची. अलीकडे मात्र गप्प होती. एका सकाळी गोळी तळहातावर घेऊन ती म्हणाली, "मला दूध येतंय."

"दूधवाला येऊन गेला की."

"अंगावरचं गं."

ताईचं तर ना लग्न, ना मूल.

"ताई, परत आवाज येतात का?"

"आवाज नाहीत, शहाणे. दूध आहे."

धाकटीनं तडक डॉक्टरांची वेळ घेतली. डोस वाढवून मागायचा, तिनं मनाशी ठरवलं. निघताना ताई दारात पाय रोवून उभी राहिली.

"तू तिथे मला खोटी पाडणार. मग गोळीच घेणार नाही मी, जा!"

तिनं धाकटीला बाथरूममध्ये ओढलं, कडी लावली आणि कुडत्याची बटणं सोडली. "बघ."

दाबल्यावर पांढरा थेंब आला. एवढासाच, पण दुधाचा.

"अगं बाई!" धाकटी पाटावर टेकली.

"आता तुलाही दिसलं. दोघींना गोळ्या लागणार."

डॉक्टरीणबाईंनी आधी पाळीचं विचारलं.

"कधीचीच बंद आहे," ताई म्हणाली. "आईला सांगितलं, तर म्हणाली, सुटलीस."

"या गोळीनं काहींच्या रक्तात प्रोलॅक्टिन वाढतं. बाळंतिणीला दूध आणणारं हार्मोन ते. त्यानं पाळीही थांबते. रक्त तपासू, मग डोस कमी करायचा की गोळी बदलायची ते बघू. तोवर आपल्या मनानं बंद करायची नाही हं, आजार उलटतो."

"मी तर वाढवा म्हणणार होते," धाकटी पुटपुटली.

"मग दूधही वाढलं असतं."

"दूधवाला बंद केला असता," ताई म्हणाली, आणि डॉक्टरीणबाईही हसल्या.

जिना उतरताना ताई थांबली. "अजून एक आहे. सकाळी स्वयंपाकघरात आई खोकल्यासारखी वाटते. सांगायचं होतं का?"

धाकटीनं कठडा धरला. "मलाही वाटतं."

"तुला?"

"रोज."

ताईनं तिचा हात आपल्या काखेत घट्ट धरला. "मग चल वर, दोघी सांगू. पण आधी तू बोल. तुझं लोकांना लगेच पटतं."