बाटलीवरचं नाव

रचनाला राग आला की आधी तिचं नाक बंद व्हायचं. सुगंध बनवून पोट भरणाऱ्या बाईच्या बाबतीत हे म्हणजे ऐन कामात सुताराचा हात आखडण्यासारखंच. तुर्भ्याच्या कंपनीत ती परफ्युमर होती आणि तिथली अर्धी वर्षं तरी तिनं चोंदलेल्या नाकानंच काढली होती.

या वेळचं कारण ऋत्विकचा फोन. ऋत्विक गिऱ्हाईक कंपनीचा माणूस. तिनं बनवलेला सुगंध त्यांनी निवडला होता आणि बाटलीवर बनवणारीचं नाव छापायचं ठरवलं होतं. असं आजवर तिच्या कंपनीत कुणाच्याच वाट्याला आलं नव्हतं. रचना भागोजी गमरे. फक्त त्यासोबत एक छोटी फिल्म करायची होती. घराण्याचा वारसा वगैरे.

"मॅम, तुमच्या आजी फुलांचं काही करायच्या का? गजरे वगैरे?"

"नाही."

"आजोबा? अत्तर?"

"नाही."

"मग वडील? बागायत?"

"शिक्षक. जिल्हा परिषदेचे."

"ओके. शिक्षकांना बागेची आवड असतेच. आपण तसं धरू." तिकडे तो काहीतरी टाइप करत होता. "चौलला एक मस्त वाडी मिळालीय. बकुळीचं झाड आहे. तुमचं गाव तिथंच मागे ना? वडिलांना आणा. ते बोलतील, तुम्ही फुलं वेचाल."

"ती वाडी आमची नाही."

"कोण विचारतंय मॅम? नाव हवं तर त्यामागे घराणं दिसायला हवं. नुसतं नाव कोण वाचतं?"

तिनं फोन ठेवला तेव्हा समोरच्या बाटल्यांपैकी एकीचाही वास तिला येत नव्हता.

घराणं! वारसा तिला होता, नव्हता असं नाही. तिचं नाक सरळ आजीकडून आलं होतं. आवडाबाई सकाळी दाराच्या उंबऱ्यावर बसायची आणि शाळेला निघालेल्या प्रत्येक पोराला मान वाकवायला लावायची. मानेचा वास, केसांचा वास, सदऱ्याच्या काखेचा, दप्तराचा. साबण नीट निघाला नाही हे तिला कळायचं, कपडा सावलीत वाळला हे कळायचं. "घामाचा आला तर चालंल," म्हणायची, "ढोराचा न्हाय आला पायजे." आधी तिनं भागोजींना असं हुंगून सोडलं, मग भागोजींनी रचनाला. कारण कधीकाळी या घरातल्या पुरुषांना गावाची मेलेली ढोरं ओढावी लागत. कातडी सोलून, मीठ लावून ती रेवदंड्याला गलबतात चढवावी लागत. भागोजींच्या वडिलांनी ते काम टाकलं, गावानं घातलेला बहिष्कार सोसला, धर्म बदलला. पण पडवीच्या खांबांत मुरलेला वास पुढे कितीतरी वर्षं राहिला, आणि खांब बदलल्यावरही लोकांच्या तोंडी राहिला.

तो वास रचनानं कधी घेतला नव्हता. पण काय येता कामा नये हे आजीनं इतक्या वेळा सांगितलं होतं, की न घेतलेला वास तिला तोंडपाठ झाला होता. मीठ, कातडं कमावायचा हिरडा, आणि तळाशी एक कुजका गोडवा. म्हणूनच कंपनीत तिचे साहेब म्हणायचे, "तुझा सुगंध धुतलेला असतो गं. त्याला अंग नसतं." खरंच होतं ते. कुठल्याही मिश्रणात जरा मळ दिसला की तिचा हात तो काढून टाकायचा. याच वेळी, पहिल्यांदा, तिनं तो राहू दिला. वर बकुळ ठेवली आणि खाली मीठ लावलेलं कातडं. गिऱ्हाइकाला वाटलं, समुद्र आहे.

शनिवारी दुपारी ती बाटली घेऊन घरी आली. चंदाबाई अंगणात तांदूळ पाखडत होती.

"आलीस? किती वाळलीस. वास खाऊन पोट भरतं व्हय तिकडं?"

"आई, बाबा कुठेत?"

"हायेत की. बाजारात निघालेत, मघापास्नं कॉलरच हुंगतायत. लग्न ठरलंय जसं काही."

भागोजी गुरुजी बाहेर आले. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी सदरा कडक इस्त्रीचा. रचनानं कागदाच्या पट्टीवर दोन थेंब सोडले आणि त्यांच्या हातात दिली.

"बकुळ," ते म्हणाले. चेहरा जरा सैल झाला. "चांगली आहे. खरी आहे."

थांबा जरा, रचनानं मनात म्हटलं. वरचं फूल आधी बोलतं, तळाचं उशिरा. ते बाकावर बसले, पट्टी नाकाशी धरून. मग हळूहळू त्यांची मान ताठ झाली. त्यांनी पट्टी अंगणात भिरकावली आणि उठून मोरीवर जाऊन बोटं घासायला लागले. साबणानं एकदा, पुन्हा एकदा.

"हे कुठनं आणलंस?"

"बनवलंय."

"मी इचारतोय कुठनं आणलंस!" चिडले की गुरुजींची शुद्ध भाषा गळून पडायची.

"आजी सांगायची, त्यावरून."

"माझ्या बापानं मार खाऊन ते टाकलं. आणि तू बाटलीत भरून परत घरात आणतेस? कोण घेणार हाय हे?"

"पैसेवाले. मुंबईचे, दिल्लीचे. अंगाला लावतील."

"अंगाला?" ते वळले. हातावरून पाणी निथळत होतं. "माझ्या अंगाला येत नव्हता, तरी येतो म्हणून मला शाळेच्या पडवीत बसवला. पावसाची झड अंगावर घेत मी पाढे म्हटले. आणि हे लोक इकत घेऊन अंगाला लावणार?"

"लावू द्या की," चंदाबाई सुपातून खडा काढत म्हणाली. "माशा घोंगावल्या म्हंजे कळंल."

कुणी हसलं नाही. भागोजी हात पुसत उंबऱ्यावर येऊन उभे राहिले.

"लावू देत," शेवटी म्हणाले. "पण वर नाव पायजे. कुणाचा वास हाय ते वाचता आलं पायजे. गमरे. ठळक अक्षरात."

मग रचनानं त्यांना अट सांगितली. वाडी, फुलं, फिल्म. सांगताना तिलाच लाज वाटली, आणि लाजेचा पुन्हा राग आला. वाटलं, आता बाबा बाटलीच फोडतील.

"येतो मी," भागोजी म्हणाले. "बोलतो."

"खोटं बोलणार?"

"काय बोलायचं ते माझं मी बघेन. तू मध्ये पडू नकोस, बाय."

चौलची ती वाडी आता पर्यटकांना खोल्या भाड्यानं देणारी झाली होती. मालक शुभम, तिशीतला, सगळ्यांना कोकम सरबत देत फिरत होता. रस्त्याकडच्या चिरेबंदी भिंतीला लागून बकुळीचं जुनं झाड. बहर नव्हता, म्हणून ऋत्विकच्या माणसांनी दादरहून पिशवीभर फुलं आणून झाडाखाली अंथरली होती. मध्ये वेताची खुर्ची, खुर्चीत भागोजी.

"सर, किती शुद्ध बोलता हो तुम्ही!" ऋत्विक म्हणाला. "कुठं शिकलात?"

"इथंच. समोरच्या शाळेच्या पडवीत."

"वा! असं मोकळं बोला. लहानपणचा सुगंध कोणता आठवतो?"

कॅमेरा सुरू झाला. भागोजींनी घसा साफ केला.

"माझी आई, आवडाबाई. अंधार असतानाच उठायची आणि या झाडाची फुलं वेचायला यायची. ओच्यात भरून घरी न्यायची. माझ्या शाळेच्या सदऱ्याच्या घडीत घालून ठेवायची. बकुळ सुकली तरी वास सोडत नाही. मी वर्गापाशी आलो की पोरं माना वळवून बघायची, वास कुठून येतो म्हणून…"

ऋत्विक ओठ दाबून हसत होता. डोळे ओले असल्यासारखे. रचनाचं नाक गच्च झालं. या वाडीच्या फाटकातून आजीनं कधी पाऊल आत टाकलं नव्हतं. आजीला घरात फूल चालत नसे. रचनानं लहानपणी अबोलीची वेणी आणली होती ती तिनं उकिरड्यावर टाकली होती. आणि बाबा, ज्यांनी आयुष्यभर पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारल्या, ते दादरच्या फुलांत बसून, पाठ केल्यासारखं…

"बंद करा!" ती ओरडली. "बंद करा ते! खोटं आहे सगळं. माझ्या आजीला या वाडीत कुत्र्याएवढीही जागा नव्हती. बाबा, उठा. नाही पाहिजे मला असलं नाव!"

"मॅम, प्लीज, इमोशनल होऊ नका."

शुभमच्या हातातला सरबताचा ट्रे तसाच राहिला. भागोजी उठले. तिच्याकडे न बघता फाटकातून बाहेर पडले. ती मागोमाग धावली. भिंतीच्या पलीकडे, रस्त्यावर, ते थांबले होते.

"तुला सांगितलं होतं मध्ये पडू नकोस."

"तुम्ही माझ्यासाठी खोटं बोलत होता! मला ते…"

"खोटं?" त्यांनी चप्पल रस्त्यावर आपटली. "इथं. या जागेवर. एक फांदी भिंतीवरून बाहेर होती. फुलं रस्त्यावर पडायची. रस्ता तर सरकारचा होता ना? तुझी आजी इथं वाकून वेचायची, उजाडायच्या आत. माझ्या सदऱ्याला फुलांचा वास यावा, म्हणजे दुसरा कुठला येतो असं कुणी म्हणू नये म्हणून. तिला काय फुलांची हौस होती?"

रचनानं भिंतीकडे वर पाहिलं.

"मग एकदा मास्तरानं इचारलं, गमऱ्याच्या पोराला बकुळ कुठनं? चोरलीस. सगळ्या वर्गापुढं सदरा काढायला लावला. दुमडीत अडकून राहिलेली फुलं खाली पडली. आणि वाडीवाल्यापर्यंत गेलं ते. त्यानं फांदीच काढून टाकली. त्यानंतर आईनं घरात फूल येऊ दिलं नाही."

"मला कधी सांगितलं नाहीत."

"आज सांगत होतो की! त्यांच्याच कॅमेऱ्यात सांगत होतो. जन्मभर पोरांना गोष्टी सांगितल्यात मी. फुलांपासून सुरुवात केली की माणसं कान देतात. आधीच फांदीचं काढलं असतं तर त्यांनीच बंद केलं असतं. त्यांच्याआधी तू केलंस. वास घेतेस एवढा, आणि बापाला शेवटपर्यंत ऐकून घ्यायला तुला दम न्हाय?"

तिनंच तर त्यांना शनिवारी सांगितलं नव्हतं का, तळाचं उशिरा येतं? नव्हतं सांगितलं. मनात म्हटलं होतं फक्त. ती वळली आणि पुन्हा फाटकातून आत गेली, आता बाबा मागे.

ऋत्विक छोट्या पडद्यावर चित्रण बघत होता. खुशीत.

"मॅम, मिळालं आपल्याला! सदऱ्याच्या घडीत बकुळ! कमाल. तुमच्या ओरडण्याआधी कापतो. एवढंच पुरे."

"ती अर्धी गोष्ट आहे. पुढची घ्या."

"जाहिरात अर्धीच असते, मॅम."

"पुढची घ्या म्हणतेय मी." आणि तिनं उभ्या उभ्या, चार वाक्यांत, भिंत, सदरा आणि फांदी सांगितली. शुभमनं ट्रे खाली ठेवला.

"माझ्या आजोबांचं काही येणार असेल तर वाडी नाही मिळायची," तो म्हणाला. "आम्ही आता असलं काही मानत नाही. उगाच कशाला उकरायचं?"

ऋत्विकनं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं आणि आवाज खाली आणला. "ऐका. अर्धी गोष्ट आणि तुमचं नाव. नाहीतर गोष्टही नाही, नावही नाही. बाटली तर येणारच. सुगंध कंपनीचा आहे."

रचनानं वडिलांकडे पाहिलं. ठळक अक्षरात, असं म्हणाले होते ते. त्या नावाची हाव तिच्यापेक्षा त्यांना जास्त होती. उंबऱ्यावर उभं राहून, बोटं घासून घासून लाल झालेली असताना, त्यांनी तेवढंच मागितलं होतं. आणि ते आता हो म्हणतील की काय, अशी तिला भीती वाटली.

"तू बोल," भागोजी म्हणाले. "बाटली तुझी हाय."

"नाव काढा," रचना म्हणाली. "आणि त्यांचा चेहरा कुठे दिसला, आवाज कुठे ऐकू आला, तर मी कोर्टात जाईन. परवानगीवर सही केलेली नाही आम्ही."

"विचार करा, मॅम. अशी संधी…"

"केला."

ऋत्विकनं खांदे उडवले आणि दिवे आवरायला सांगितले. वायरी गुंडाळायला सुरुवात झाली. भागोजी मात्र फाटकाकडे निघाले नाहीत. ते परत जाऊन वेताच्या खुर्चीत बसले, त्या आणलेल्या फुलांमध्ये.

"सर, पॅकअप झालंय."

"तुमचं झालं असेल. माझी गोष्ट राहिलीय. मला कॅमेरा लागत नाही." त्यांनी शुभमकडे बोट केलं, वर्गातल्या मागच्या बाकाकडे करावं तसं. "तू. बस इथं."

शुभम बसला नाही. पण गेलाही नाही. मेकअप करणारी मुलगी हातातला डबा मांडीवर घेऊन पायरीवर टेकली, वायरी गुंडाळणारा माणूस थांबला. रचना झाडाच्या बुंध्यापाशी उभी राहिली. संतापानं तिचे हात थंड पडले होते, आणि तिनं ते तसेच राहू दिले.

"लोकांना वाटतं कोयता घातला असेल," भागोजी म्हणाले. आवाज शांत होता, भाषा पुन्हा शुद्ध. "कोयता नव्हता. करवत होती. फांदी जाड होती, करवतीला वेळ लागतो. मी दप्तर घेऊन भिंतीबाहेर उभा होतो. तुझे आजोबा शिडीवर होते. ते मला बघत होते, आणि मला बघत बघत कापत होते."