स्वयंपाकघर थोडं मागून गातं

हॉल

इथे कंप्युटर. त्यात हरेशची सगळी गाणी. कंप्युटरवरून वायफायने पाच खोल्यांतल्या पाच स्पीकरांत जातात. आणि हातात एक रिमोट. त्याच्या इवल्या पडद्यावर खोल्यांची नावं येतात. खोली निवडायची, गाणं लावायचं, आवाज वाढवायचा. कंपनीत हरेश सांगायचा, "अख्ख्या वरसे गावात नाय असं घर. आमच्या भिंती गातात."

सध्या हातात रिमोट नाही. तो पेणला आहे, मृणालीच्या पिशवीत. मृणाली माहेरी आहे.

स्वयंपाकघर

इथला स्पीकर अर्ध्या मात्रेने मागे. हॉलमध्ये ओळ संपते तेव्हा इथे शेवटचा शब्द बाकी असतो. हरेशने खूप खटपट केली, सुधारलं नाही. लग्न नवं असताना मृणाली भाकरी थापता थापता थांबायची, ऐकायची, हसायची.

"तुझं घर तोतरं हाय रे."

फ्रीजवर एक प्लास्टिकची डबी. डबीत सेल. ज्या वस्तूला बरेच दिवस हात लागणार नाही, तिचे सेल मृणाली काढून ठेवते. टॉर्चचे. हरेशच्या वडिलांचं खांब गावातलं घर कायमचं बंद केलं, त्या दिवशी तिथल्या भिंतीवरच्या घड्याळाचे. "आतच गळतात. मग वस्तू फुकट जाते."

बाथरूम

"हितं पन?" ती म्हणाली होती.

"हितं पन!" तो म्हणाला होता. खूश होऊन.

बेडरूम

आवाज शून्य.

छोटी खोली

हिला पिवळा रंग दिला होता. सातव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं.

नंतर मृणाली दुपारची इथे दार लावून बसायची. काही करायची नाही. रडल्याचंसुद्धा ऐकू यायचं नाही. हरेशला ती शांतता सोसेना. पाचवा स्पीकर त्याने इथे बसवला. तिला बरं वाटावं म्हणून.

ती रिमोट घेऊन ही खोली बंद करायची. तो शिफ्टवरून आला की चालू करायचा. ती बंद. तो चालू. ती बंद.

एकदा ती म्हणाली, "हरेश, मला त्याच्याबद्दल बोलायचं हाय. तू नुसता बस. तो असता तर"

आणि हरेशचा अंगठा रिमोटवर गेला आणि आवाज वाढला.

तिचं वाक्य तिथेच आहे. दुसऱ्या दिवशी ती पेणला गेली.

हॉल

फोन.

"रिमोट तुझ्याकडं गेलाय वाटतं."

"व्हय."

"लागतो गो तो मला."

"कंप्युटरवरनं सगळं होतं. तूच शिकवलंस."

"होतं. पन उठावं लागतं."

"मग ऊठ."

तो हसला. ती नाही. तिच्या मागे कुणीतरी मूर्तीला पॉलिश पेपर घासत होतं. तिच्या भावाचा गणपतीचा कारखाना घराला लागूनच आहे. खर्र. खर्र. ते थांबलं.

"छोट्या खोलीत आता काय लावलंयस?"

बंद आहे, असं त्याला म्हणता आलं असतं. जागचं उठून तसं करताही आलं असतं.

"हळू लावलंय," हरेश म्हणाला.

खर्र. खर्र.

"रविवारी पाठवते," मृणाली म्हणाली.

पाठवते, म्हणाली. फोन ठेवल्यावर हरेशने मनातल्या मनात त्याचं येते केलं.

स्वयंपाकघर

रविवार. भात. वालाचं बिरडं, तिला आवडतं तसं, नारळ जास्त. दोन ताटं. तिचं लाडकं गाणं सगळ्या खोल्यांत. इथे थोडं मागून. मागून.

दार

(इथे स्पीकर नाही.)

मोटारसायकल. तिचा भाऊ मिथुन. नखांत सोनेरी रंग. मागची सीट रिकामी.

"बसत नाय, भावजी. डोळ्यांची आखणी चाललीय. सगळे बाप्पा आंधळे बसलेत तिकडं." मग नाक वर करून, "बिरडं? कुणी केलं?"

"मी."

"मग नकोच."

दोघे हसले, आणि लगेच हसायचे थांबले.

"कशी हाय ती?" हरेशने विचारलं.

"जेवते. झोपते. आईनं टीव्ही बंदच ठेवलाय." मिथुनने आत कान दिला. पाचही खोल्या गात होत्या. त्याने पिशवी पुढे केली. "ताईनं दिलंय. नीट ठेव म्हनली."

हॉल

रिमोट मऊ फडक्यात गुंडाळलेला. मूर्ती पुसतात तसलं फडकं. हरेशने बटण दाबलं. पडदा काळा. पुन्हा दाबलं. मग उलटा करून मागचं झाकण उघडलं.

रिकामा.

सेल फडक्याच्या टोकाला होते. दोन्ही, रबर लावून, वेगळे बांधलेले.

खांबच्या बंद घरातलं भिंतीवरचं घड्याळ त्याच्या डोळ्यांपुढे आलं.

सेल त्याने रिमोटमध्ये घातले नाहीत. फ्रीजवरच्या डबीत टाकले. दोन ताटांतलं एक पालथं घातलं. कंप्युटरपाशी गेला. उभ्यानेच आधी छोटी खोली बंद केली. मग उरलेलं सगळं.

हॉल थांबला.

स्वयंपाकघराचा शेवटचा शब्द राहिला होता. तो म्हणून झाल्यावर तेही.