साडेतीन पानांची दंगल

"मॅडम, दंगल साडेतीन पानांत?"

जयसिंग सरांनी प्रबंधातल्या प्रकरणाचे कागद टेबलावर आपटून सरळ केले आणि चष्मा कपाळावर सरकवला. "त्या जर्मनांची दुकानं, त्यांची लग्नं, चर्चमधली भांडणं, सगळं तुम्ही ऐसपैस लिहिलंत. सॉसेजमध्ये मसाला कुठला घालायचे तेही मला आता पाठ झालंय. आणि दंगल? काचा फुटल्या, पोलीस आले, मंडळी घरी गेली. आटोपलं."

हेमा खुर्चीच्या कडेवर बसली होती. वाघोलीच्या कॉलेजातले तास उरकून, दोन बस बदलून ती विद्यापीठात आली होती. घशात अजून खडूची धूळ होती.

"साधनं कमी आहेत, सर."

हे खरं नव्हतं आणि ते सरांनाही ठाऊक होतं. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या हल या बंदरातल्या ग्रंथालयाकडून तिनं पत्रं घालून घालून वर्तमानपत्रांच्या झेरॉक्स मागवल्या होत्या. बिबवेवाडीच्या सायबर कॅफेत बसून तिनं कोर्टाच्या बातम्या उतरवून घेतल्या होत्या. पहिल्या महायुद्धात त्या शहरातल्या जर्मन खाटकांची दुकानं शेजाऱ्यापाजाऱ्यांनी फोडली, तेव्हा कोण काय म्हणालं, कुणाच्या हातात काय होतं, हे सगळं तिच्या कपाटात बांधून ठेवलेलं होतं.

"मी मार्चमध्ये निवृत्त होतोय," सर म्हणाले. "मग नवा मार्गदर्शक शोधा. त्याला आधी हल कुठं आलं ते नकाशावर दाखवा, मग विषय समजावा. आहे एवढा दम?"

दम नव्हता. तासिका तत्त्वावर शिकवण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. दर जूनला नवी नेमणूक, दर मेमध्ये सुट्टी. पीएच.डी. झाली तर मुलाखतीला तरी बोलावतील, एवढ्याच आशेवर हे काम चाललं होतं, आणि आता त्या आशेचाही कंटाळा आला होता.

"मी तेव्हाच म्हणालो होतो, मराठवाड्यावर लिहा," सर कागद तिच्याकडे सरकवत म्हणाले. "तुमचा भाग, तुमची माणसं. साधनं पायाशी होती. तुम्ही गेलात थेट इंग्लंडला. बरं. दिवाळीच्या सुट्टीत हे प्रकरण नीट करा."

तिनं मान हलवली. इंग्लंड का, हे तिनं त्यांना कधी सांगितलं नव्हतं. जिथलं आपलं काही नाही, जिथं कुणाचं आडनाव ऐकून काही कळत नाही, असं एक गाव तिला हवं होतं. ग्रंथालयातल्या एका जुन्या पुस्तकात तिला ते सापडलं. पुढं कामात खोल शिरल्यावर दंगल आली आणि तिचा हात थांबला.

घरी आली तेव्हा तिचे वडील धोंडिबा खाली बसून मेथी निवडत होते. आई गेल्यापासून स्वयंपाकाची तयारी त्यांनी आपणहून अंगावर घेतली होती. परभणीकडच्या खेड्यात त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. नामांतराच्या दंगलीत घर आणि दुकान दोन्ही जळालं, तेव्हा बायको आणि आठ वर्षांच्या हेमाला घेऊन ते पुण्याला आले. पंपांच्या कारखान्यात हेल्पर म्हणून लागले. तो कारखाना बंद झाला, मालकानं जागा विकली, आता तिथं काचेच्या इमारती होत्या आणि गळ्यात ओळखपत्र अडकवलेली पोरं आत-बाहेर करत. त्या रात्रीबद्दल धोंडिबा कधी बोलले नव्हते. हेमालाही ज्वारीचं रान आणि तोंडावर दाबलेला आईचा हात, एवढंच आठवत होतं.

सुट्टी लागली. हेमा रोज सकाळी टेबलाशी बसायची, एक वाक्य लिहायची, खोडायची. एका दुपारी ती तशीच टेबलावर डोकं टेकून बसली असताना धोंडिबा चहा घेऊन आले. समोर एका फोटोची झेरॉक्स पडली होती.

"ही कुणाची दुकान, माय?"

"एका खाटकाची, दादा. केलर नाव त्याचं. जर्मन होता. पण त्या गावात तीस वर्षं राहिला. बायको तिथलीच. मुलगा इंग्रजांच्याच सैन्यात."

"आन् तरी फोडली?"

"लढाई सुरू झाली ना जर्मनांशी."

धोंडिबांनी कागद खिडकीच्या उजेडात धरला. फुटलेल्या दुकानापुढं पन्नासेक माणसं फोटोसाठी उभी होती. बाया होत्या, टोप्या घातलेली पोरं होती, एकजण खिडकीच्या चौकटीत चढून बसला होता.

"हसायलेत की," धोंडिबा म्हणाले.

"हो."

"तसंच असतंय ते." त्यांनी कागद खाली ठेवला, पण ते गेले नाहीत. पलंगाच्या कडेला बसले. "काय लिवायलीस ह्याच्यावर?"

"तेच सुचत नाही. रोजचे शेजारी, रोजची गिऱ्हाइकं. एकदम असं कसं करतात, ते लिहिता येत नाही."

"एकदम न्हाई करत." धोंडिबांचा आवाज भाजीचा भाव सांगावा तितका साधा होता. "पहिला दगड येतो. तो कुणीतरी भायेरगावचा मारतो. मग सगळे गप उभे राहतेत. कुणी काही म्हणतंय का, ते बघतेत. आपल्या इथं पाटील व्हता, मास्तर व्हता, समदे उभे व्हते. मी बघायलो व्हतो दाराच्या फटीतून. वाटलं, आता कुणीतरी म्हणल, आरे थांबा. एकानं म्हणलं असतं तरी झालं असतं. कुणी न्हाई म्हणलं. मग दुसरा दगड आला, तो गावातला."

हेमानं पेन खाली ठेवलं.

"गेनबा व्हता त्याच्यात," ते पुढं म्हणाले. "त्याच सकाळी सायकल टाकून गेल्ता माझ्याकडं. चाकात आरे बसवायचे व्हते. संध्याकाळी नेतो म्हणला. आन् संध्याकाळी आला तो असा आला. दुकान पेटवली तवा त्याची सायकल आतच व्हती. ध्यानातच न्हाई राहिलं त्याच्या."

ती हसली नाही. तेही हसले नाहीत.

"पुण्यात आल्यावर दुसऱ्या दिवाळीला मी एक जुनी सायकल घेतली. दुरुस्त केली. रेल्वेत टाकून गावाला नेली आन् त्याच्या दाराला लावून आलो."

हेमाला आधी नीट कळलंच नाही. "कुणाच्या दाराला?"

"गेनबाच्या."

"दादा, त्यानं आपलं घर जाळलं."

"घर त्यानं जाळलं. सायकल माझ्या दुकानात व्हती."

"आईला माहीत होतं?"

"तुझी माय आठ दिवस बोलली न्हाई माझ्याशी."

हेमाला राग आला. तो गेनबावर होता की समोर पायजम्याच्या घड्या सरळ करत बसलेल्या या म्हाताऱ्यावर, हे तिला ठरवता येईना. "काय म्हणाला तो?"

"घरात व्हता. भायेर न्हाई आला. बायको आली. पाणी देऊ का, म्हणली. त्या घरातून त्याच्या आधी कवा पाणी न्हाई मिळालं आपल्याला. मी नको म्हणलो. तहान तर लई लागली व्हती. पार ठेसनात येऊन पेलो."

चहा गार झाला होता. त्यांनी कप उचलला, परत गरम करून आणतो म्हणाले आणि आत गेले.

त्या दिवसापासून हेमानं झेरॉक्सचे गठ्ठे पुन्हा सोडले. दगड मारणाऱ्यांना बाजूला ठेवून ती उभं राहिलेल्यांना शोधू लागली. कोर्टात साक्ष द्यायला आलेली माणसं तीच होती. समोरचा पाववाला, कोपऱ्यावरची शिंपीण, ड्यूटी संपवून घरी निघालेला ट्रामचा कंडक्टर. आपण काय पाहिलं ते प्रत्येकानं सांगितलं होतं. आपण काय केलं, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. प्रकरण वाढत गेलं. लिहिताना बरं वाटत होतं असं नाही. पाठ दुखायची, डोळे चुरचुरायचे, एखादं पान लिहून झालं की ती नुसतीच भिंतीकडे बघत बसायची. पण हात थांबला नाही.

जयसिंग सरांनी नवं प्रकरण तिच्यासमोरच वाचलं. एका परिच्छेदाशी त्यांची पेन्सिल थांबली. पहिल्या दगडानंतरच्या शांततेबद्दलचा तो परिच्छेद होता.

"याला संदर्भ?"

"माझे वडील."

सरांनी वर पाहिलं. मग तिनं सांगितलं. थोडक्यातच सांगितलं, कारण अधिक बोलायची ताकद नव्हती. सरांनी पेन्सिल खाली ठेवली.

"विद्यापीठाच्या नियमात वडील बसत नाहीत," ते म्हणाले. त्यांच्या आवाजातली नेहमीची धार गेली होती. "परिच्छेद काढावा लागेल. बाकीचं सगळं राहू द्या. बाकीचं उभं राहतंय." आणि ती निघताना म्हणाले, "मराठवाड्यावर लिहा असं मी तुम्हाला सारखं म्हणत होतो. आधी सांगायचंत."

तिनं परिच्छेद काढला.

तोंडी परीक्षा पुढच्या पावसाळ्यानंतर झाली. जयसिंग सर निवृत्त झाले होते, तरी आले. धोंडिबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. पुढं बसा, म्हणून विभागातल्या लोकांनी आग्रह केला, पण ते दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसले आणि पूर्ण वेळ मांडीवर हात ठेवून इंग्रजी ऐकत राहिले. बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांनी बरेच प्रश्न विचारले. हेमानं उत्तरं दिली. सगळे उभे राहिले, टाळ्या वाजल्या, बटाटेवडे आले. कुणीतरी तिला पहिल्यांदा डॉक्टर म्हटलं. वाघोलीच्या कॉलेजात यंदाही कायम जागा निघणार नाही, हे तिला कालच कळलं होतं. ते तिनं तिथं कुणाला सांगितलं नाही.

परतीच्या बसमध्ये दोघांना शेजारी जागा मिळाली.

"तो जाडा माणूस शेवटी काय विचारत व्हता?" धोंडिबांनी विचारलं.

"हाच विषय का घेतला, म्हणाले."

"मग काय सांगितलंस?"

"सांगितलं, की यावर आधी कुणी काम केलं नव्हतं."

धोंडिबांनी मान हलवली. "खरं हाय," ते म्हणाले.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "आन् त्या केलरचं काय झालं पुढं?"

"लढाईभर छावणीत ठेवला. नंतर जर्मनीला पाठवून दिला, त्याच्या गावी. लहानपणीच सोडलेलं गाव ते. बायकोही गेली त्याच्याबरोबर. तिथं लोक त्याला इंग्रज म्हणायचे."

"बोली तरी येत व्हती का त्याला तिथली?"

"थोडी विसरला होता."

तिनं पाहिलं तर त्यांचे डोळे मिटले होते. स्वारगेटच्या वळणावर त्यांचं डोकं कलंडलं आणि तिच्या खांद्यावर येऊन टेकलं. शर्टाची इस्त्री मोडली होती, तोंड किंचित उघडं होतं. घराजवळचा बिबवेवाडीचा थांबा आला. दार उघडलं, माणसं उतरली, दोनचार चढली. हेमा हलली नाही. कंडक्टरनं घंटीची दोरी ओढली आणि बस पुढं निघाली.