टाचणीची जागा

मी शंकूफुलाचं झाड. ओळखलं नाहीत ना? साहजिकच आहे, सध्या माझा अवतारच तसा आहे. दोन कोवळी पानं, तीही बटाट्याच्या सालींखाली. पण एके काळी दारापुढच्या वाफ्यात माझा काय थाट होता म्हणून सांगू!

माझा जन्म फ्रिजमधला. हसू नका. थंडी सोसल्याशिवाय आमच्या बियांना जाग येत नाही. म्हणून माईनं मला ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि डबीत घालून फ्रिजच्या कोपऱ्यात ठेवलं. तिच्या नवऱ्यानं, आप्पांनी, काहीतरी गोडधोड असेल म्हणून ती डबी उघडली.

"अगं, हे काय?"

"माझं शेंडेफळ. झाकण लावा आधी."

माई शिवणकाम करायची. दुपारी दारातल्या पायरीवर बसून ती बटणं लावायची आणि टाचण्या कुठे खोचायची? माझ्या फुलात! आमच्या पाकळ्या खाली लोंबतात आणि मधला भाग वर फुगलेला, काटेरी. "टाचण्यांसाठीच घडवलंय याला," म्हणायची. टोचायचं, नाही असं नाही. पण आपल्या माणसाचं टोचणं मनाला लागत नाही.

मग लेकीच्या बाळंतपणासाठी तिला दूर जावं लागलं. निघताना तिनं आप्पांना बजावलं, "पाणी बेतानं घाला. सुकलेली बोंडं कापू नका, पाखरं खातात. बाकी याचं काही नाही, माणसापेक्षा कमी त्रास देतं."

"म्हणजे माझ्यापेक्षा?"

"तुमचं नाव घेतलं का मी?"

ती गेली आणि घर सुनं झालं. आप्पांना करमेना. करमलं नाही की ते झारी घेऊन माझ्याकडे यायचे. सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी. "ती येईपर्यंत टिक रे बाबा," म्हणायचे. अहो, मला पाणी नको होतं, ती हवी होती! पण हे त्यांना काय सांगणार? त्यांनाही तीच हवी होती.

थंडी आली. आमची रीत अशी, की थंडीत वरचं सगळं वाळू द्यायचं आणि मुळांत शिरून झोपायचं. त्या झोपेतही मी माईचीच वाट पाहत होतो. थंडी सरली, शेजारची रोपं हिरवीगार झाली. पण पाण्यानं माझी मुळं अर्धी कुजली होती, मी अजून डोळेच चोळत होतो. आणि माई दुसऱ्या दिवशी येणार! आप्पांचं धाबं दणाणलं.

"मारलं मी याला. आता तिला कुठल्या तोंडानं सांगू?"

त्यांनी मला उपटलं आणि कुंपणाशी खताच्या ढिगावर टाकलं. माझ्या जागी रोपवाटिकेतून एक फुललेलं शंकूफूल आणून लावलं. गडद गुलाबी, ताठ पाकळ्यांचं. चोराच्या मनात चांदणं! वरची माती चार वेळा सारखी केली.

माई आली ती सामान टाकून थेट वाफ्याशी. ढिगावरून मला सगळं दिसत होतं. तिनं त्या फुलाच्या काट्यांवर अंगठा ठेवला आणि ताठ पाकळ्या बोटानं चाचपून पाहिल्या. मागे आप्पा निकालाला उभं राहावं तसे उभे. तिनं वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"छान सांभाळलंत हो," ती म्हणाली.

आप्पांचे डोळे भरून आले. माझा मात्र जीव तुटला. माई, तूसुद्धा ओळखलं नाहीस?

दुपारी ती पायरीवर बटणं लावायला बसली. टाचणी घेतलेला हात सवयीनं फुलाकडे गेला आणि मध्येच थांबला. टाचणी तिनं स्वतःच्या बाहीला खोचली. तेव्हा मला कळलं, तिनं केव्हाच ओळखलं होतं.

आता रोज ती साली टाकायला या ढिगाशी येते. आप्पा आसपास नाहीत ना, बघते आणि हळूच म्हणते, "कुठे टाकलं असेल हो यांनी माझं शेंडेफळ?" आणि टोपली माझ्याच डोक्यावर पालथी करते.

माई, इथे आहे गं मी. उद्या टोपली उलटी करण्याआधी एकदा वाकून बघ. फूल यायला वेळ लागेल, पण टाचणीची जागा अजून तुझीच आहे.