पाटलाच्या नावाची दवंडी

शाहू महाराजांच्या अमलातली गोष्ट. चिमणाबाई लेकीचं बाळंतपण उरकून गगनबावड्याकडल्या आपल्या गावी परतली, तर परड्यात नुसता उजेड. फणसच नव्हता. बुंधा तेवढा उरला होता आणि त्यातून अजून चीक गळत होता. शेजारी हंबीरराव पाटलाच्या अंगणात पिवळ्याधमक फळ्यांची चळत लागली होती. पाटलाला नव्या सोप्याला चौकट हवी होती. विधवा बाई, ती काय तोंड उघडणार, असं त्याला वाटलं असावं. या बाईचं तोंड खरं तर अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

तो फणस तिनं नवी नवरी असताना आठळी पुरून वाढवला होता. तिला रडू आलं. मग राग आला, आणि राग आला तसं रडू थांबलं.

परवानगीशिवाय फळझाडाला कुऱ्हाड लावायची नाही, असा सरकारी हुकूम होता. लावली तर लाकूड सरकारजमा आणि नावाची गावभर दवंडी. हा हुकूम राबवायचा पाटलानं, आणि हंबीररावानं तो असा राबवला होता की विचारू नका. बाबालाल मुलाण्यानं खुंट्यासाठी स्वतःच्याच आंब्याची एक फांदी छाटली, तरी त्याच्या नावाची दवंडी पिटली. बिचारा कितीतरी दिवस मशिदीकडं मागच्या वाटेनं जायचा.

"बावड्याला जा, वरच्या सायबाकडं," बायका म्हणाल्या. चिमणाबाई थेट चावडीवर गेली.

"पाटील, फिर्याद हाय."

"कुनावर?" हंबीरराव लोडाला टेकून बसला होता.

"हंबीरराव पाटलावर. माजा फणस तोडलाय त्यानं."

चावडीतल्या माणसांनी हसू लपवायला मिशांवर हात नेले. पाटलाचं तोंड उतरलं.

"वैनी, घरातलं घरात मिटवू. लाकूड घ्या तुमी. रोप लावून देतो."

"लाकूड सरकारचं, ते तुमी कसं देनार? रोप तर लावाच. पर दवंडीचं काय?"

"माज्याच गावात माज्याच नावाची?"

"बाबालालचंबी ह्येच गाव हाय की!"

आता मात्र कुणी हसलं नाही.

"मग बावड्याला का न्हाय गेलासा?" पाटील खेकसला.

"आमच्या गावाला पाटील हाय. त्यो असताना परक्याच्या दारात कशाला जाऊ?"

तिनं हे टोमणा म्हणून नव्हे, सरळ मनानं म्हटलं. पण पाटलानं तिला हसून वाटेला लावलं असतं, तर उद्या तिचा बांध कुणीही सरकवला असता आणि तिला गावात मान वर करून चालता आलं नसतं. हंबीरराव लोडावरून सरळ झाला. मग त्यानं दवंडीवाल्या सयाजीला बोलावणं धाडलं.

सकाळी चौकात हलगी कडाडली. "ऐका हो ऐका" झालं आणि सयाजी अडला. घसा खाकरून झाला, पुन्हा हलगी वाजवून झाली, पण पाटलाचं नाव काही तोंडातून फुटेना. तेव्हा हंबीरराव चावडीच्या पायऱ्या उतरला, पटका सारखा करून सयाजीच्या शेजारी उभा राहिला आणि स्वतःच ओरडला.

"ऐका हो! हंबीरराव पाटलानं चिमणाबाईचा फणस बिगर परवान्याचा तोडलाय हो! लाकूड सरकारजमा झालंय हो!"

सयाजी वाजवत होता, पाटील ओरडत होता. एकही गल्ली त्यानं सोडली नाही. बाबालालच्या दारात तर त्यानं आवाज आणखी चढवला.

हे ऐकून काळजात थंडावा येईल, असं चिमणाबाईला वाटलं होतं. थंडावा कसला, तिचा ऊरच भरून आला. फणसाचं दुःख काही जाणार नव्हतं, पण या गावात आपण नांदलो याचा तिला त्या दिवशी फार अभिमान वाटला.

कोकणात उतरणाऱ्या एका गाडीवानानं बैल थांबवले. "काय झालं हो मावशी?"

"आमच्या पाटलानं माजा फणस तोडला, पावणं," चिमणाबाई पदर खोचत म्हणाली, "आन् त्येची दवंडी आमचाच पाटील देतोय. हाय का असला पाटील तुमच्या गावात?"